गेलेल्या माणसाची चौकशी

माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. आमच्या बाईंना ते चालत नसे. अतिदक्षता विभागाला लागून एक छोटी खोली होती, तिथं नातेवाईक बसलेले असत. डोळे सुजलेले. कुणीतरी म्हणे, "देवमाणूस होता हो. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही." बाई मान हलवत, सगळं ऐकून घेत, आणि मग त्याच मऊ आवाजात विचारत, "बरं. दारू कुठं बसून प्यायचा?" मग कोपऱ्यातला मेहुणा नाहीतर मित्र खाली बघत बोलायला लागे, आणि गेलेला माणूस हळूहळू खरा व्हायला लागे.

बाई आमच्या कोल्हापूरच्या दवाखान्यात जंतुसंसर्गाच्या डॉक्टर होत्या. मी तिथंच अवयवदानाचा समन्वयक. अपघातानं किंवा मेंदूतल्या रक्तस्रावानं एखाद्याचा मेंदू कायमचा थांबला, डॉक्टरांच्या समितीनं नियमाप्रमाणे दोनदा तपासून तसं जाहीर केलं, की घरच्यांशी बोलायचं काम माझं. ते 'हो' म्हणाले की बाईंचं काम सुरू होई. मूत्रपिंडं, यकृत, हृदय दुसऱ्या कुणाच्या शरीरात जाणार. नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी केलेली असते. अशा माणसाच्या अंगात देणाऱ्याचा एखादा लपलेला रोग गेला, तर ज्याला जगवायचं त्यालाच मारल्यासारखं. तसा काही धोका आहे का, हे बाईंनी काही तासांत ठरवायचं. आणि ज्याला विचारायला हवं, तो तर उत्तर देण्यापलीकडे गेलेला.

वॉर्डातले लोक त्यांना पाठीमागं 'फौजदार बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. एकदा मी ओशाळून म्हणालो, "बाई, लोकांचं मनावर घेऊ नका." तर हसल्या. "बरोबर म्हंत्यात की. फौजदार चोर शोधतोय, मी जंतू शोधतो. दोघंबी माणसाआड लपूनच बसत्यात." बाई मूळच्या नेसरीच्या, शेतकऱ्याची लेक. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी येतो, मी बघतो' असंच बोलत. परिषदेत त्यांचं इंग्रजी ऐकून पुण्या-मुंबईचे डॉक्टर वह्या काढून लिहून घेत. पण त्या छोट्या खोलीचा उंबरा ओलांडला की बाई पुन्हा नेसरीच्या होत.

चौकशीचा एक छापील फॉर्म असतो. कुत्रं चावलं होतं का, गोंदवून घेतलं होतं का, तुरुंगात होता का, क्षय झाला होता का. बाई तो फॉर्म घडी करून चक्क मांडीखाली ठेवत आणि सतरंजीवर नातेवाइकांसमोर बसत. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी तो टेबलापलीकडून वाचून दाखवलेला मी पाहिला होता. सगळ्या रकान्यांत 'नाही' भरून पाच मिनिटांत काम संपे. बाईंना दोन तास लागत. मी नवा असताना विचारलं होतं, की फॉर्म बघून विचारलं तर काही राहून जाणार नाही ना? त्या म्हणाल्या, "सुधीर, कागदाकडं बघून विचारलं की माणसं कागदाला उत्तर देत्यात."

प्रयोगशाळेवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, ती तर त्यांचीच होती. पण तिच्या मर्यादा त्यांना पाठ होत्या. "जंतू अंगात शिरल्यावर तपासणीत सापडायला दिवस लागत्यात. त्या दिवसांत काय घडलं ते रिपोर्टला ठाऊक नसतंय, जवळच्या माणसाला ठाऊक असतंय." एकदा तालमीतला एक पैलवान गडी अपघातात गेला. वडीलही जुने पैलवान. ते छाती पुढं काढून सांगत होते, "दूध, बदाम आन थंडाई. दुसरं काय शिवलं न्हाई माझ्या पोरानं." रिपोर्ट स्वच्छ होते. बाईंनी वडिलांना नमस्कार केला आणि बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या तालमीतल्या जोडीदारांकडे गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या त्या हे काढून घेऊन, की अंग भरावं म्हणून तो धरून चौघंजण इंजेक्शनं घेत होते आणि सुई एकच होती. बाईंनी आणखी बारीक तपासणी मागवली. तिच्यात नव्यानं लागलेली कावीळ सापडली, आधीच्या तपासणीला न दिसलेली. त्या तीन जोडीदारांनाही बाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावून तपासलं. वडिलांना मात्र त्यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या पोराचं दूध आणि बदाम त्यांनी तसंच राहू दिलं.

पण बाई काय चीज आहेत हे मला खरं कळलं ते शिरोळकडच्या एका शेतकऱ्यामुळं. (गावं आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. बाईंना तेच आवडलं असतं.) पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस, कालव्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार, स्कॅनमध्ये रक्तस्राव, चार दिवसांनी मेंदू मृत. बायकोनं आणि भावानं मी विचारायच्या आधीच सांगितलं की आम्हाला अवयव द्यायचेत. असं क्वचित घडतं. सगळा दवाखाना हलक्या पावलांनी कामाला लागला. एक मूत्रपिंड आमच्याच यादीतल्या पहिल्या माणसाला मिळणार होतं. हे जोतिबा डोंगरावरचे गुलाल-खोबऱ्याचे दुकानदार. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी डोंगर उतरून येत होते. त्या सकाळी ते उपाशीपोटी येऊन तयार बसले होते. बायकोनं येताना देवाला नारळ वाहिला होता.

बाईंनी आधी स्कॅन पाहिला, बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "एवढ्याशा रक्तानं एवढा गडी जाईल व्हय रे?" आणि खोलीत जाऊन बसल्या. मी शेजारी होतो. पुढचं सगळं माझ्या कानात अजून तसंच आहे.

"वैनी, गाडीवरनं पडलं म्हंतासा. का पडलं?"

"चक्कर आली आसंल."

"चक्कर का आली?"

"दोन दिस ताप हुता. पोटात काय नव्हतं."

"का नव्हतं?"

"गिळंना म्हनत हुतं. घसा धरलाय म्हनलं. पाण्याचा तांब्या दिला तर ढकलून दिला की."

बाई जरा पुढं सरकल्या. "हात-बित दुखत हुता काय?"

"व्हय. उजव्या हाताला मुंग्या येत्यात म्हनत हुतं." बायकोनं डोळे वर केले. "तुमास्नी कसं ठावं?"

"गोठ्यात जनावरं किती हायत?"

इथं भाऊ भडकला. "बाई, आमचा माणूस गेलाय आन तुमी जनावरं कसली मोजताय?"

"मोजू द्या, पावणं. किती?"

"दोन म्हशी," बायको म्हणाली. "तीन हुत्या. एक दोन म्हैन्यामागं गेली."

"कशानं?"

"लाळ गळत हुती. वराडत हुती सारखी. काय तर नरड्यात अडकलंय म्हनून ह्यांनी हात घातलता तोंडात, पार कोपरापातूर. काय सापडलं न्हाई. दोन दिसांत गेली बिचारी."

भावाला अजून काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यात आला नसता.

"आन ह्यांनी हात घातला तवा म्हशीचं तोंड कुणी धरलं हुतं?"

"मी," बायको म्हणाली.

बाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उजेडाकडे वळवले. उजव्या अंगठ्याच्या पेरावर वाळलेल्या ओरखड्याचा एक पांढुरका वण होता. दात लागला होता म्हणे, हळद लावली होती.

त्या उठल्या, बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून मला एवढंच म्हणाल्या, "थांबव सगळं. पिसाळलेली म्हस हुती."

रेबीज. कुत्र्यानं चावल्याशिवायही तो होतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. तेच मूत्रपिंड दादांना बसवलं असतं तर काही आठवड्यांत तेही तसेच गेले असते, आणि यकृत घेणारा, आणि दुसरं मूत्रपिंड घेणारा. किडनीचे मोठे सर्जन म्हणाले, "बाई, खात्री आहे का? नमुने पाठवून निकाल यायला वेळ लागेल, तोवर अवयव वाया जातील." बाई म्हणाल्या, "खात्री न्हाई. म्हणूनच थांबा." एवढं बोलून त्या पुन्हा खोलीत गेल्या, कारण भावाला सांगायचं होतं. तो ओरडत होता, "आमच्या माणसाचं काय चालत न्हाई तुमास्नी? आमी द्याला तयार हाय आन तुमी नगो म्हंताय?" बाई त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमचं दान मोठं हाय. पर आता मला तुमच्या वैनीस्नी वाचवायचंय. मला मदत करा." त्याच दुपारी शेतकऱ्याच्या बायकोला लस आणि वणाभोवतीची इंजेक्शनं सुरू झाली. दीर, शेजारी, म्हैस ओढून नेणारे, रुग्णाची लाळ पुसणाऱ्या आमच्या सिस्टर, बाईंनी एकेकाची यादी केली. काही दिवसांनी बाहेरच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. रेबीजच होता. ती बायको आजही आहे. दोन म्हशी सांभाळते.

दादांना मात्र आम्ही परत पाठवलं. कारण एवढंच सांगितलं की अवयव योग्य नव्हता. देणाऱ्याची माहिती दुसऱ्याला द्यायची नसते. दादा चपला घालून जिन्याकडे निघाले. त्यांची बायको थांबली आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर बाईंना म्हणाली, "तीन वर्सांनी दार उघडलं हुतं, तुमी बंद केलंसा. देव बघून घेईल तुमास्नी." निकाल आल्यावर मी बाईंना म्हटलं, निदान त्यांना सांगूया की तुम्ही काय केलंत. बाईंनी मान हलवली. "त्या शेतकऱ्याच्या घरची गोष्ट त्यांची हाय, आपली न्हाई. देऊ देत शिव्या. शिव्यांनी कोण मरत न्हाई."

वर्षभरानं एक शिक्षिका गेली. शहरातलीच, पस्तिशीची. कानाचं दुखणं मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलं होतं. नवऱ्यानं रडत रडत दानाची इच्छा सांगितली, पण या वेळी सगळे डॉक्टर मागं सरले. जंतूंमुळेच गेलेल्या माणसाचे अवयव कुणाला द्यायचे? माझीही तीच समजूत होती. बाई आल्या, त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि म्हणाल्या, "हिचं घेता येतंय." त्यांचं म्हणणं सरळ होतं. जंतू कोणता ते सापडलं होतं. त्याला कोणतं औषध लागू पडतं ते तपासून ते पाच दिवस दिलं होतं. आता रक्तात तो जंतू उरला नव्हता. घेणाऱ्यालाही तेच औषध काही दिवस दिलं की झालं. "जो सापडत न्हाई त्याला मी भितो. ह्याचं तर नाव, गाव, पत्ता हाय आपल्याकडं." मग त्या खोलीत बसल्या. नवरा, सासू-सासरे, शिक्षिकेची आई, सगळे होते. नेहमीचे सगळे प्रश्न झाले. सगळ्यांची उत्तरं 'नाही'.

यादीत पहिले अजूनही दादाच होते. त्यांना धोका समजावून सांगायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं नाही, स्वतः गेल्या. दादा आणि त्यांची बायको समोर बसले होते. बायकोनं तोंड फिरवलेलं.

बाईंनी आजार, औषध, सगळं सांगितलं. "धोका थोडा हाय. पर न्हाई म्हणून सांगनार न्हाई मी."

दादांनी विचारलं, "तुमच्या घरचं कोण आसतं तर घेतलं आसतं काय तुमी?"

असं विचारलं की डॉक्टर पटकन उत्तर देतात. बाईंनी दिलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. इतका वेळ, की मला अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, "घेतलं असतं."

"मग द्या," दादा म्हणाले.

मूत्रपिंड छान चालू झालं. दादांचा चेहरा उजळला, पायाची सूज गेली, तीन आठवड्यांनी ते डोंगरावर परत गेले. दवाखान्यात बाईंचा जयजयकार झाला. त्यांनी तो ऐकला की नाही कोण जाणे. त्या दर आठवड्याला दादांचे रिपोर्ट मागवून बघत होत्या.

अडीच महिन्यांनी दादांना ताप यायला लागला. वजन उतरलं. आधी सगळ्यांना वाटलं, शिक्षिकेचा तोच जंतू. तो नव्हता. निघाला क्षय, आणि तो नव्या मूत्रपिंडातूनच आलेला होता.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन त्या शिक्षिकेच्या माहेरी गेल्या. आई एकटी होती. बाई स्वयंपाकघरात तिच्याजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला दोष द्यायला आलो न्हाई. मला एक गोष्ट कळायला पाहिजे." मग पदर तोंडाला लावून तिनं सांगितलं. पोरगी चौदा वर्षांची असताना मानेला गाठी आल्या होत्या. क्षयाच्या गोळ्या चालू केल्या, बरं वाटल्यावर मध्येच सोडल्या. लग्न जमेल की नाही या भीतीनं सासरी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा शेवटपर्यंत माहीत नव्हतं. "तुम्ही त्या दिवशी विचारलं, तवा जावई समोर होते, व्याही समोर होते. माझी जीभच उचलली नाही." बाईंनी तिला जवळ घेतलं. ती खूप वेळ रडली.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "बाई, यात तुमची काय चूक? त्यांनी लपवलं."

"तिनं लपवलं न्हाई," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर विचारलं. आईला बाजूला घेऊन विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तीस वर्षं हेच करतोय मी, आन मला एवढं सुचलं न्हाई." त्यांचा आवाज कापत होता. त्या आधी आणि नंतर मी तो तसा कधी ऐकला नाही.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी आधी फोन हातात घेतला. त्या शिक्षिकेचं यकृत आणि दुसरं मूत्रपिंड पुण्याला गेलं होतं. वरच्या एका साहेबांनी सुचवलं की थोडं थांबूया, पूर्ण खात्री करून घेऊ, उगाच आपल्या दवाखान्याचं नाव नको निघायला. बाईंनी त्यांच्या समोरच नंबर फिरवला आणि स्पष्ट सांगितलं, "देणारीला जुना क्षय होता. आमच्याकडून चौकशीत राहून गेलं. माझ्याकडून राहिलं. तुमच्या दोघांना आजच्या आज तपासा." पुण्याच्या दोघांनाही वेळेवर औषध सुरू झालं. दोघांपैकी कुणीही आजारी पडलं नाही.

मग त्या दादांच्या खोलीत गेल्या. पुन्हा तेच साहेब जिन्यात भेटले, म्हणाले, "उपचार चालूच आहेत, एवढं तपशिलात सांगायची गरज नाही." बाई म्हणाल्या, "त्यांनी मला विचारून घेतलं होतं. आता मला सांगायला पाहिजे." आणि आत जाऊन दादांच्या पलंगाशेजारी उभ्या राहून त्यांनी सांगितलं, एकही शब्द न गिळता. हा आजार मूत्रपिंडातून आला. देणाऱ्याला तो जुना होता. तो मला शोधता आला असता. मी कमी पडलो. औषधं बरेच महिने घ्यावी लागतील, मूत्रपिंड वाचवायचा आम्ही पूर्ण प्रयत्न करतोय, तुम्हाला माझ्यावर तक्रार करायची असेल तर कुठं करायची तेही मी सांगतो.

दादा उशाला टेकून छताकडे बघत होते. बोलली ती त्यांची बायको.

"मागं आमाला परत पाठवलंसा, तवा म्या लई बोललो तुमास्नी. रोज बोलत हुतो, देवासमोर बसून."

"व्हय, बोला की," बाई म्हणाल्या. "तुमचा हक्क हाय."

"आता कसं बोलू? आजवर कुठल्या डाक्टरनं मी चुकलो म्हनलेलं ऐकलं न्हाई म्या." मग तिनं विचारलं, "त्या येळंला खरं काय झालतं? का परत पाठवलंसा आमाला?"

मी दाराजवळ उभा होतो. मला वाटलं, आता बाई सांगतील. एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्यानं दादांच्या बायकोसमोर त्या देवासारख्या उभ्या राहिल्या असत्या, आणि आत्ताची चूकही धुऊन निघाली असती. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तवाचं मला सांगता येत न्हाई, आक्का. आताचं तेवढं सांगता येतंय."

आयुष्यात मी मोठी माणसं पुष्कळ पाहिली. कुणाचा मान मोठा, कुणाची विद्या मोठी. पण आपलं मोठेपण असं हातात असताना ते न वापरणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

दादा बरे झाले. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, मूत्रपिंड टिकलं. त्यानंतर बाई खोलीत सगळ्यांशी बोलून झालं की एकेकाला वेगळं घेत, आणि बायकांना सगळ्यांत शेवटी आणि एकटं. कित्येकदा दोन तासांचे तीन तास होत. कुणी घड्याळ दाखवलं तर म्हणत, "गेलेल्याला घाई न्हाई. आपल्यालाच हाय."

मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात भाषण केलं नाही. फुलांचा गुच्छ सिस्टरांच्या टेबलावर ठेवला आणि भावाच्या जीपमधून नेसरीला गेल्या. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला, आणि चार दिवस पुराच्या पाण्यात फिरलेल्या एका माणसाच्या घरचे दानाला तयार झाले. त्या पाण्यातून लागणाऱ्या तापाचे रिपोर्ट धड 'हो' नव्हते, धड 'नाही' नव्हते. मी नेसरीला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "रिपोर्टचं नवीन डॉक्टर बघतील. बाकीचं मला कशाला विचारतोस? माणसं तुझ्यासमोर बसल्यात, माझ्यासमोर न्हाईत." फोन बंद. मला राग आला होता. रागातच मी खोलीत गेलो आणि सतरंजीवर बसलो. निर्णय आम्हीच घेतला, आणि तो बरोबर ठरला. ते कळवायला मी बाईंना फोन केला नाही. त्यांनीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, त्यांच्या भावाचा फोन आला. बाई परसात तुळशीला पाणी घालताना खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. "दुपारी चारला न्यायचं," भाऊ म्हणाला. मी घड्याळ पाहिलं. लगेच निघालो असतो तर पोचलो असतो.

"काय करताय आत्ता?" त्यानं विचारलं.

"एक कुटुंब बसलंय," मी म्हणालो. "मुलगा गेलाय. आत्ताच हो म्हणालेत."

तो म्हणाला, "मग बसा तुमी."

मी बसलो. वडील, काका, दोन मित्र. सगळ्यांशी बोलून झाल्यावर आईला खिडकीजवळ वेगळं घेतलं. ती आपल्या मुलाबद्दल सांगत होती, बरं आणि वाईट दोन्ही, आणि मी ऐकत होतो. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ चार वाजून गेलेलं दाखवत होतं. तिला मी मध्ये थांबवलं नाही. लपलेलं काही नव्हतं. सगळं लिहून दिलं, सही केली, आणि बाहेर येऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसलो. तिथं मला रडू आलं.

आमच्या नव्या डॉक्टर मला शोधत आल्या. महिन्यापूर्वीच रुजू झालेल्या. मूत्रपिंडं घ्यायला हरकत नाही, असं सांगायला आल्या होत्या. माझ्याकडे बघून थबकल्या.

"सर, काय झालं?"

"आमच्या बाई गेल्या."

त्यांनी आठवून पाहिलं. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर अवयव देणाऱ्यांचे फोटो आहेत, सर्जनांचे आहेत, बऱ्या होऊन घरी गेलेल्यांचे हसरे फोटो आहेत. बाईंचा कुठंच नाही.

"कोण बाई?" त्यांनी विचारलं.

मी पायरीवर थोडा सरकलो आणि त्यांना बसायला जागा केली.